पालखी दारात येत नाही, तेव्हा आधी लिहावे की अर्ज करावा?

प्रश्न : मी पुण्यात एका महाविद्यालयात शिकवते आणि धर्माच्या नावाने होणाऱ्या अन्यायावर समाजमाध्यमांवर नियमितपणे लिहिते. आमचे मूळ गाव रायगड जिल्ह्यात आहे. तेथे माझ्या काकांच्या मुलीने जातीबाहेर लग्न केले, म्हणून गावकीने, म्हणजे गावच्या पंचांनी, काकांना दंड भरून देवळाच्या सभामंडपात माफी मागायला सांगितले. काका माळकरी आहेत, दरवर्षी पंढरपूरला जातात. त्यांनी माफी मागायला नकार दिला आणि घर वाळीत टाकले गेले. लावणीला माणूस मिळत नाही, आजी वारली तेव्हा खांदा द्यायला घरचे चौघेच होते, आणि दोन शिमगे झाले तरी ग्रामदेवतेची पालखी काकांच्या दारात आलेली नाही. मी चिडून गावाचे नाव घालून लिहिले की या सगळ्याचे मूळ धर्मच आहे आणि देव मानणाऱ्या गावाकडून दुसरी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. तो मजकूर गावात फिरला आणि गिरणीवाल्याने काकांचे दळण घेणेही बंद केले. माझी चुलत वहिनी एका महिला संस्थेत काम करते. ती म्हणते, ‘‘धर्मावर बोलून कोणाला न्याय मिळत नाही. हक्क अर्जाने मिळतात, आणि तुझ्या लिहिण्याने माझे अर्ज अडकतात.’’ मी लिहिणे थांबवून तिच्यासारखे काम करावे का? की आता गप्प बसणे हा भित्रेपणा ठरेल?

उत्तर :

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमचा संताप मला योग्य वाटतो आणि वहिनींची चिडचिडही समजते. माझे मत आधीच सांगून टाकते. काकांच्या घराच्या बाबतीत, आजच्या घडीला, वहिनींचे ऐका आणि गावाचे नाव असलेला तो मजकूर काढून ठेवा. पण लिहिणे सोडू नका, कारण धर्माच्या नावाने होणाऱ्या अन्यायावर बोलून काहीच साधत नाही हे वहिनींचे म्हणणे मला मान्य नाही, आणि आपल्याकडचा या प्रश्नाचा इतिहासही त्याला दुजोरा देत नाही.

तुमच्या पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही. तुम्हाला काय वाटते ते त्यात आहे, वहिनींना काय वाटते तेही आहे, परंतु काकांना काय हवे आहे याबद्दल एकही वाक्य नाही. वाळीत टाकलेल्या घरात रोज सकाळी उठून विहिरीवर, दुकानात आणि शेतावर जायचे ते काकांना आणि काकूंना. तुमच्या लेखाचा परिणाम भोगायचा तो त्यांनाच, आणि वहिनींच्या अर्जामुळे गावात उद्या जे काही बोलले जाईल तेही त्यांनाच ऐकायचे आहे. म्हणून बोलणे मोठे की काम मोठे हा वाद तुम्ही आणि वहिनी फोनवर कितीही घातलात तरी त्याचा निकाल तुमच्यापैकी कोणालाही देता येणार नाही. आधी गावाला जा. फोनवर हे विचारू नका, कारण काका तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून फोनवर ‘काही नाही, चालले आहे’ असेच म्हणतील. दोन दिवस राहा, काकूंशीही वेगळे बोला, आणि सरळ विचारा की त्यांना पुन्हा गावात सामावून घेतले जावे असे वाटते, दंड मागणाऱ्यांना शिक्षा व्हावी असे वाटते, की फक्त त्रास थांबावा आणि आपल्याला कोणी डिवचू नये एवढेच वाटते. या तिन्ही इच्छा न्याय्य आहेत, परंतु त्यांचे मार्ग एकमेकांपासून फार वेगळे आहेत.

माझा अंदाज असा आहे की काका सगळ्यात आधी पालखीबद्दल बोलतील. येथे मला थोडे थांबायचे आहे, कारण तुम्ही आणि वहिनी दोघींनीही, वेगवेगळ्या कारणांनी, या पालखीकडे दुर्लक्ष केले आहे असे मला वाटते. वहिनींच्या यादीत लावणी, दळण आणि दुकान आहे, म्हणजे ज्याच्यावाचून घर चालत नाही ते सारे आहे. तुमच्या दृष्टीने पालखी हे त्या श्रद्धेचेच अंग आहे जिच्यामुळे काकांवर ही वेळ आली, तेव्हा ती आली नाही तर बिघडले काय, असा तुमच्या मजकुराचा सूर आहे. पण कोकणात शिमग्यात पालखी घरोघर जाते, अंगणात उतरते, बाया ओटी भरतात, मुंबईला गेलेली मुले त्या दिवसासाठी सुट्टी काढून येतात. त्या दिवशी पालखी शेजारच्या दारातून पुढच्या दारी निघून जाते आणि मधले एक दार वगळले जाते, तेव्हा त्या घरातल्या माणसांना गावाने काढून टाकले आहे हे देवाच्या साक्षीने जाहीर होते. दळण तालुक्याला जाऊनही करून आणता येईल. देव मात्र तालुक्याहून आणता येत नाही, आणि काकांसारख्या माळकऱ्याला सर्वांत खोल जखम तेथेच झालेली असणार.

आपल्या राज्याच्या कायद्याला ही गोष्ट कळलेली आहे. महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण अधिनियम, २०१६ हा कायदा जुलै २०१७ पासून अमलात आहे. सामाजिक बहिष्कार म्हणजे काय हे सांगताना त्यात व्यवहार तोडणे, लग्न किंवा अंत्यविधी यांत अडथळा आणणे, स्मशानभूमी, सभागृह, शाळा, दवाखाना यांचा वापर नाकारणे या बाबींबरोबरच सामाजिक किंवा धार्मिक प्रथा आणि समारंभ पाळण्यात अडथळा आणणे, पूजास्थानात जाऊ न देणे यांचाही समावेश केलेला आहे. म्हणजे पालखी वगळणे ही काकांची भाबडी तक्रार नाही. दळण बंद करणे आणि पालखी वळवणे हे दोन्ही एकाच गुन्ह्याचे पुरावे आहेत, आणि ते एकाच अर्जात लिहायचे आहेत. तो अर्ज लिहिताना पालखीचा परिच्छेद गाळू देऊ नका, ‘हे धार्मिक आहे, यात कायदा कशाला’ असे ठाण्यात कोणी म्हणाले तरीही.

देव न मानणाऱ्या सुधारकांना अशा मागण्यांचे महत्त्व लवकर पटत नाही हे मी पाहिले आहे. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत, म्हणजे आतल्या कबरीपर्यंत, जाण्यास स्त्रियांना मनाई झाली, तेव्हा भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या न्यायालयात गेल्या त्या भाविक म्हणून. अनेकांनी त्यांना विचारले की जी जागा तुम्हाला नाकारते तेथे जायचेच कशाला. त्यांचे उत्तर असे होते की जागा आमचीही आहे, आणि आम्हाला कोठे जायचे आणि कोठे नाही हे आम्ही ठरवू. मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी ती मनाई घटनाबाह्य ठरवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्त्रिया आत गेल्या. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीला दिलेले आहे, ते एकट्या पंचांना किंवा विश्वस्तांना दिलेले नाही. काका वारीला जातात, माळ घालतात, आणि तरीही गावकीपुढे मान तुकवत नाहीत. तुमच्या मजकुरात त्यांच्यासारख्या माणसाला जागाच नव्हती, कारण त्यात सगळे देव मानणारे एका बाजूला आणि अन्यायाविरुद्ध उभे राहणारे दुसऱ्या बाजूला होते. तो मजकूर काकांनी वाचला असेल तर गिरणीवाल्याच्या नकाराइतकाच तोही त्यांना लागला असेल.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. वहिनींना यातले बरेच माहीत असेल, तरी तुम्हालाही ते कळावे, कारण लिहिणाऱ्या माणसाला हे तपशील माहीत असले की त्याचे लिखाणही बदलते.

तक्रार पीडित व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबातील सदस्याला करता येते, पोलीस ठाण्यात किंवा थेट दंडाधिकाऱ्यांपुढे. तुम्ही पुतणी आहात आणि पुण्यात राहता, म्हणून ती काकांच्या किंवा काकूंच्या नावाने व्हावी हे उत्तम. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याचा तपास करता येतो, तेव्हा ठाण्यात केवळ अदखलपात्र नोंद करून परत पाठवले तर ते स्वीकारू नका. गुन्हा दाखल करण्यास नकार मिळाला तर तीच तक्रार लेखी स्वरूपात जिल्हा पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने पाठवावी, आणि तेथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे, आणि बहिष्काराला चिथावणी देणारा किंवा मदत करणारा हाही गुन्हेगार ठरतो. वसूल झालेल्या दंडाची रक्कम पीडिताला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. आरोपपत्र दाखल झाल्यापासून ६ महिन्यांत खटला संपवावा असे कायद्यात म्हटले आहे, परंतु त्या मुदतीवर विसंबून काकांना काही वचन देऊ नका.

पुराव्याकडे फार लक्ष द्या, कारण अशी प्रकरणे तेथेच ढिली पडतात. गावकी सहसा काही लेखी देत नाही. तरीही गावकीच्या व्हॉट्सॲप गटातले संदेश, बैठकीच्या वहीतील नोंद, इतर कोणाकडून पूर्वी घेतलेल्या दंडाची पावती, पालखीच्या फेरीचा कार्यक्रम आणि त्यात नसलेले काकांचे घर, गिरणीवाल्याशी किंवा दुकानदाराशी झालेले संभाषण, यांपैकी काही ना काही मिळते. ज्या फोनवर संदेश आले तो फोन बदलू नका आणि संदेश पुसू नका, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना त्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ उपकरण जवळ असले की ते सोपे जाते. तारीखवार एक वही काकूंनी ठेवावी. कोण काय म्हणाले, त्या वेळी कोण हजर होते, एवढेच तिच्यात असावे आणि स्वतःचे मत नसावे. माझा अनुभव असा आहे की घरातल्या बाईने साध्या शब्दांत ठेवलेली अशी वही वकिलाला लांबलचक निवेदनापेक्षा जास्त उपयोगी पडते.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून काकूंच्या नावाने अर्ज करणे सोयीचे होईल. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. ‘आधी गावातच मिटवा’ असे सांगून प्रकरण तंटामुक्ती समितीकडे पाठवले जाण्याची शक्यता आहे. समिती निःपक्ष असेल तर माझी हरकत नाही, पण पुष्कळ गावांत तिच्यात बसणारी माणसे आणि दंड ठोठावणारे पंच एकच असतात. काकांना त्याच माणसांपुढे पुन्हा उभे करू नका. तडजोड करायचीच असेल तर ती न्यायालयाच्या परवानगीने आणि काकांच्या संमतीने होऊ शकते अशी सोय कायद्यात आहे. ती सभामंडपातल्या माफीपेक्षा कितीतरी सन्मानाची आहे, कारण तेथे काका तक्रारदार असतात.

आता तुमच्या मजकुराकडे येते. तो खोटा होता असे मी म्हणत नाही. पण त्याने ज्यांच्यावर आरोप केला ते सारे गाव होते, आणि ज्या पाचसहा जणांनी दंड ठरवला ते त्या गर्दीत सुखाने लपले. ज्या शेजाऱ्याला आतून काकांबद्दल वाईट वाटत होते, जो रात्री मागल्या दाराने भाजी देऊन जात असेल, तोही तुमच्या शब्दांनी दुखावला गेला आणि पंचांच्या बाजूला ढकलला गेला. अशा मजकुरावर धार्मिक भावना दुखावल्याची उलट तक्रार होण्याचा धोकाही असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ साठी हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेला अपमान सिद्ध व्हावा लागतो, त्यामुळे तुम्हाला शिक्षा होईल असे मुळीच नाही. परंतु तुमच्या विरुद्धची तक्रार मागे घेण्याच्या बदल्यात काकांनी आपली मागे घ्यावी असा सौदा मग गावात सुरू होतो, आणि काका तुमच्यासाठी तो मान्य करतील.

धर्म हेच मूळ आहे असे तुमचे ठाम मत असेल तर ते मांडण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो कोणी हिरावून घेऊ लागला तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्यावर, स्वतःच्या जबाबदारीवर लिहा. त्या वादाचा भार काकांच्या घरावर टाकू नका.

वहिनींनाही मला काही सांगायचे आहे, आणि हे पत्र त्यांना जरूर वाचून दाखवा.

वहिनी, तुम्ही ज्या अर्जाच्या बळावर काम करता तो अर्ज बोलणाऱ्यांनी मिळवून दिलेला आहे. मुंबई राज्याने बहिष्काराविरुद्ध पहिला कायदा १९४९ मध्येच केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो रद्द केला. धर्माच्या आधारावर एखाद्याला समाजाबाहेर काढणे हा त्या पंथाच्या धार्मिक व्यवस्थापनाचा भाग आहे, असे बहुमताने मानले. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटेच विरुद्ध राहिले. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते आणि हा कायदा अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद १७ च्या हेतूला धरून आहे, असे त्यांनी म्हटले. तो प्रश्न अजून संपलेला नाही, २०२३ मध्ये तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. यावरून लक्षात घ्या की हक्काची मागणी धर्माच्या अधिकारापाशी येऊन अडते तेव्हा नुसता अर्ज पुरत नाही. एखाद्याला माणसांतून उठवण्याचा अधिकार धर्माने कोणाला दिला, आणि दिला असला तरी तो का मानायचा, हे कोणाला तरी उघडपणे विचारावे लागते. बोहरा समाजातले सुधारक आपली घरे, नाती आणि कबरस्तानातली जागा गमावूनही हे विचारत राहिले. आपल्याकडे २०१३ मध्ये नाशिकला जातीबाहेर लग्न केलेल्या गर्भवती मुलीचा तिच्याच वडिलांनी खून केल्यावर अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, वाळीत टाकलेली माणसे एकेक करून पुढे येऊन बोलू लागली, आणि त्यातून २०१६ चा कायदा झाला. जे बोलले त्यांच्यामुळे तुमच्या काका-काकूंना कलम मिळाले आहे.

आणि तुमच्या जिल्ह्यातलेच महाड आठवा. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा कागद २० मार्च १९२७ च्या आधीच तयार होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला होता, आणि महाड नगरपालिकेनेही तो पुढे स्वीकारला होता. अर्जाच्या भाषेत सांगायचे तर हक्क मिळालेला होता. तरीही एकाही अस्पृश्याला त्या पाण्याला हात लावता येत नव्हता, आणि बाबासाहेबांनी हजारो लोकांसह जाऊन ते पाणी प्यायल्यावर सवर्णांनी त्यांच्यावर हल्ले केले आणि तळ्याचे शुद्धीकरण केले. त्या शुद्धीकरणाचे उत्तर नगरपालिकेच्या ठरावात नव्हते. ते २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळून दिले गेले, कारण पाणी विटाळते ही कल्पना जेथून आली तिलाच हात घालणे भाग होते.

पण ताई, डिसेंबरातल्या त्या महाड परिषदेचा पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. सवर्णांनी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. तळ्यावर जाण्यासाठी लोक अधीर होते. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळण्याचे ठरवले आणि तळ्यावर जाण्याचे मात्र पुढे ढकलले. मनाईहुकूम मोडून लोकांना तुरुंगात आणि मारहाणीत ढकलायचे नाही, खटला लढवायचा, हा निर्णय त्यांनी उत्साहाच्या भरात असलेल्या गर्दीसमोर घेतला. तो खटला जवळजवळ दहा वर्षे चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल कायम केला. बोलताना अजिबात मऊ न होणारा माणूस आपल्या लोकांच्या अंगावर काय ओढवेल याचा किती बारकाईने विचार करत होता, हे तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवत असाल. आता ते काकांच्या घराबाबत वापरा.

जोतीराव आणि सावित्रीबाईंचा क्रम मला याहूनही जवळचा वाटतो. १८६३ मध्ये त्यांनी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि सत्यशोधक समाज त्यानंतर १८७३ मध्ये स्थापन झाला. धर्मसत्तेवर त्यांनी नंतर जी घणाघाती टीका केली, तिच्यामागे त्या घरात बाळंत झालेल्या बायकांचे अश्रू आणि त्या हौदावर भरलेल्या घागरी होत्या. त्यांच्या शब्दांना जे वजन आले ते तेथून आले. तुमच्या लेखनात मला राग दिसतो, अभ्यास दिसतो, पण वाळीत टाकलेल्या माणसासोबत पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून काढलेली दुपार अजून दिसत नाही. काकांसोबत ती काढा. त्यानंतर तुम्ही जे लिहाल ते वेगळे असेल.

लिहायची वेळ आली, म्हणजे काका-काकूंनी संमती दिली आणि गुन्हा दाखल झाला, की मग नेमके लिहा. कोणत्या बैठकीत दंड ठरला, त्याची रक्कम किती, पालखी कोणाच्या सांगण्यावरून वळवली गेली, ठाण्यात तक्रार किती तारखेला दिली आणि त्यावर काय झाले, हे लिहा, आणि जे सिद्ध करता येईल तेवढेच लिहा. मागणी एकच ठेवा, की येत्या शिमग्यात पालखी काकांच्या दारी यावी आणि दंड रद्द झाल्याचे गावकीने लेखी द्यावे. शक्य असेल तर गावातल्याच एखाद्या कीर्तनकार बुवांना किंवा वारीतल्या दिंडीप्रमुखांना बोलायला सांगा. काका ज्या दिंडीतून जातात तिच्यात असे कोणी असेलच. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, ते त्याआधी महाराष्ट्रभर फिरून वारकऱ्यांच्याच भाषेत लोकांशी बोलले होते. पांडुरंगाचे दार कोणासाठी बंद असू शकत नाही असे भक्ताने म्हणणे बडव्यांना जड गेले. तेच वाक्य निरीश्वरवाद्याने म्हटले असते तर त्यांना ते झटकून टाकता आले असते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीही हे ओळखले होते. त्यांच्या खुनानंतर डिसेंबर २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला, त्याच्या मजकुरातच यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन यांना हा कायदा लागू होणार नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे, कारण वारी बंद होणार असा प्रचार वर्षानुवर्षे चालला होता. स्वतः देव न मानणाऱ्या माणसाने वारकऱ्याची काळजी मिटवणारा मजकूर मान्य केला, आणि तरीही भोंदूगिरीविरुद्ध बोलणे थांबवले नाही.

भित्रेपणाबद्दल तुम्ही विचारले आहे. दुसऱ्याच्या सुरक्षिततेसाठी काही महिने एका गोष्टीबद्दल न बोलणे याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. मात्र स्वतःला एक गोष्ट प्रामाणिकपणे विचारा, की पुण्याच्या महाविद्यालयात, तुमच्या स्वतःच्या सोसायटीत किंवा नात्यातल्या लग्नाच्या याद्यांत जेव्हा हाच अन्याय सभ्य रूपात समोर येतो, तेव्हा तुम्ही इतक्याच मोठ्याने बोलता का. तेथे किंमत तुम्हाला मोजावी लागते, म्हणून तेथे गप्प राहणे अधिक खुपायला हवे.

शेवटी एक अवघड शक्यता उरते. काका म्हणतील, मला तक्रार करायची नाही, दंड भरतो आणि मोकळा होतो. तुम्हाला ते ऐकताना फार त्रास होईल, वहिनींनाही होईल. तरी त्यांना दरडावू नका आणि त्यांच्या पाठीमागे तक्रारही करू नका. त्यांना एवढे समजावून सांगा की असा दंड मागणे हाही गुन्हा ठरू शकतो आणि पैसे दिलेच तर पावती मागावी, किंवा निदान एका साक्षीदारासमोर द्यावेत. ३ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी न्यायालयाला साधारणपणे ३ वर्षांची मुदत असते, म्हणून काकूंची वही चालू ठेवा आणि फोनमधले संदेश जपून ठेवा. बहिष्कार चालूच राहिला तर तो रोज नव्याने घडणारा गुन्हा आहे हा मुद्दा वकिलाला मांडता येतो. आज नको म्हणणारे काका पुढच्या शिमग्यानंतर हो म्हणू शकतात, आणि त्या दिवशी त्यांच्या हातात कागद असायला हवेत.